नागरी अभिकल्पाचे स्टुडिओ-शिक्षण

नागरी अभिकल्पाचे (अर्बन डिझाइनचे) स्टुडिओ-शिक्षण ही वास्तुकला आणि नगरनियोजन यांच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांत रूढ असलेली अध्यापनपद्धती आहे. तीत विद्यार्थी व्याख्यानांपेक्षा प्रकल्पांतून शिकतात. शहराचा एखादा प्रत्यक्ष भाग निवडून त्याची मोजणी व पाहणी केली जाते, तेथील प्रश्न शोधले जातात आणि आराखडे, छेदचित्रे व प्रतिकृती यांच्या साहाय्याने त्या भागाचे नवे रूप सुचविले जाते. प्रस्तुत लेखात या पद्धतीचा परिचय मुख्यतः नागपूर शहराच्या संदर्भात दिला आहे.

संकल्पना

नगरनियोजनात भूवापर, लोकसंख्या, पाणीपुरवठा, वाहतूक इत्यादींचा विचार संपूर्ण शहराच्या पातळीवर होतो, तर वास्तुकलेत एका इमारतीचा. नागरी अभिकल्प या दोहोंच्या मधली जागा व्यापतो. रस्ता, चौक, बाजारपेठ, नदीकाठ, दोन इमारतींमधील मोकळी जागा हे त्याचे विषय होत. या जागा कोणाच्याच मालकीच्या वाटत नाहीत आणि म्हणूनच बहुधा कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.

इतिहास

स्टुडिओपद्धतीचे मूळ पॅरिसच्या ‘एकोल दे बोझार’ या संस्थेतील कार्यशाळांमध्ये आहे. तेथे मुदत संपताच विद्यार्थ्यांची रेखाटने हातगाडीवर गोळा केली जात. गाडीला फ्रेंचमध्ये ‘शारेत’ म्हणत, आणि अखेरच्या घाईगर्दीच्या कामाला वास्तुकलेचे विद्यार्थी आजही तेच नाव देतात. स्वतंत्र विषय म्हणून नागरी अभिकल्पाची मांडणी होण्यात १९५६ साली हार्वर्ड विद्यापीठात भरलेल्या परिषदेचा मोठा वाटा आहे. केव्हिन लिंच यांचा ‘द इमेज ऑफ द सिटी’ हा ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. मार्ग, कडा, विभाग, केंद्रबिंदू आणि खुणेच्या जागा या पाच घटकांतून माणूस शहर मनात साठवतो, हे त्यांचे प्रतिपादन स्टुडिओतील पाहणीचा पाया ठरले.

महाराष्ट्रात मात्र शहर पायी हिंडून शिकण्याचा विचार त्याहून जुना आहे. स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडिस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. ‘आधी पाहणी, मग आराखडा’ हे त्यांचे सूत्र होते. जुन्या वस्त्या सरसकट पाडून सरळ रस्ते काढण्याला त्यांचा विरोध होता. जेवढे अपरिहार्य तेवढेच काढून बाकीचे जपावे, असे ते सांगत.

नागपूरमधील शिक्षण

नागपुरात १९६० साली प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव लाभलेली ही संस्था २००२ पासून विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था (व्हीएनआयटी) म्हणून ओळखली जाते. तिच्या वास्तुकला व नियोजन विभागात वास्तुकलेची पदवी आणि नगरनियोजनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. शहरात वास्तुकलेची इतरही महाविद्यालये आहेत. पदवी अभ्यासक्रम पाच वर्षांचा असून नागरी अभिकल्पाचा स्टुडिओ सहसा त्याच्या उत्तरार्धात येतो, कारण एक इमारत नीट रचता आल्याखेरीज दहा इमारतींमधील गल्ली रचता येत नाही.

कार्यपद्धती

विद्यार्थ्यांचे लहान गट पाडले जातात. पहिले काही आठवडे क्षेत्रावरच जातात. फीत घेऊन पदपथ मोजणे, कोणत्या वेळी किती माणसे, गाड्या व हातगाड्या जातात याची नोंद ठेवणे, दुकानदारांशी व रहिवाशांशी बोलणे हे काम कंटाळवाणे वाटले तरी पुढचे सारे त्यावर उभे असते. नंतर नकाशे तयार होतात. भूवापराच्या नकाशात निवासासाठी पिवळा, वाणिज्यासाठी निळा, सार्वजनिक वापरासाठी तांबडा आणि उद्यानांसाठी हिरवा रंग वापरण्याची भारतातील प्रथा आहे. दुसऱ्या एका नकाशात इमारती काळ्या व मोकळ्या जागा पांढऱ्या दाखवतात. जाम्बात्तिस्ता नोल्ली यांचा रोमचा १७४८ मधील नकाशा हा या प्रकाराचा पूर्वज मानला जातो. जुन्या वस्तीचा असा नकाशा पाहिला की, पांढऱ्या भागाचे बोळ, चौक आणि अंगणे किती विचारपूर्वक घडली होती हे एका दृष्टीत कळते.

यानंतर कल्पना बटर पेपरवर उतरतात. अध्यापक टेबलापाशी बसून त्यावरच दुसरा कागद ठेवून दुरुस्त्या सुचवितात. अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शोन यांनी १९८३ मधील आपल्या ग्रंथात याच संवादाचे विश्लेषण केले आहे. करता करता विचार करणे ही व्यावसायिक ज्ञानाची स्वतंत्र रीत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सत्राच्या शेवटी बाहेरील तज्ज्ञांच्या ‘जूरी’पुढे सादरीकरण होते. राज्याची एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली (२०२०), चटई क्षेत्र निर्देशांक, मेट्रो मार्गालगतचे वाढीव बांधकामाचे नियम यांचे भान तेथे तपासले जाते.

अभ्यासक्षेत्र म्हणून नागपूर

नागपूर एका शहरात अनेक शहरे दाखविते. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास वसविलेले आणि पुढे भोसल्यांच्या काळात वाढलेले महाल-इतवारी हे दाट वस्तीचे जुने नगर. रुंद रस्ते व प्रशस्त आवारांचे, इंग्रजी अमलातील सिव्हिल लाइन्स. १९३६ च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या नागपूर सुधार प्रन्यासाने आखलेल्या वसाहती. आणि २०१९ पासून धावणारी मेट्रो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत जुन्या नगरातून निघते, तेव्हा एरवी अरुंद वाटणारा रस्ताच सभागृह होतो. अशा रस्त्याची रुंदी केवळ वाहनांच्या संख्येवरून ठरविता येत नाही.

सीताबर्डीची बाजारपेठ (नागपूरकरांची ‘बर्डी’) हा आणखी एक बोधक विषय आहे. तेथे पदपथावरील विक्रेते, दुकानदार आणि पादचारी यांचे हक्क एकमेकांवर आदळतात. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने विक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिले असल्याने ‘अतिक्रमण हटवा’ एवढे उत्तर आराखड्यात पुरत नाही. त्यात नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जात असल्यामुळे युरोपीय पुस्तकांतील विस्तीर्ण फरसबंद चौक येथे दुपारी ओस पडतो. सावली हा येथे अभिकल्पाचा पहिला निकष ठरतो.

अलीकडच्या दोन घटनांनी या विषयाचे गांभीर्य वाढविले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मुसळधार पाऊस होऊन अंबाझरी तलाव ओसंडला व नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. जीवितहानी झाली आणि हजारो घरांचे नुकसान झाले. तलावाचा सांडवा व नदीपात्रातील अडथळे यांचा प्रश्न पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. नदीकाठ ‘सुशोभित’ करणे आणि नदीला पुरासाठी जागा ठेवणे या भिन्न गोष्टी आहेत, हे या घटनेत दिसले.

दुसरी घटना दीक्षाभूमीची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जेथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या परिसरातील भूमिगत वाहनतळाच्या बांधकामाविरुद्ध १ जुलै २०२४ रोजी अनुयायांचे तीव्र आंदोलन झाले आणि शासनाने कामाला स्थगिती दिली. स्तूपाला धोका पोहोचेल, ही आंदोलकांची भीती होती. दरवर्षी लाखो लोक जेथे येतात, तेथे वाहनतळाची गणिते बरोबर असली तरी ज्यांची ती जागा आहे त्यांना आधी विचारले नाही तर आराखडा टिकत नाही.

मर्यादा

या पद्धतीवर आक्षेपही आहेत. सत्र चार-पाच महिन्यांचे आणि शहराचे प्रश्न पिढ्यांचे, त्यामुळे पाहणी उथळ राहण्याचा धोका असतो. रहिवाशांना दरवर्षी नवे विद्यार्थी तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरांचे पुढे काय झाले हे त्यांना कोणी सांगत नाही. हा आक्षेप सर्वांत रास्त म्हणावा लागेल. संगणकावरील देखण्या चित्रांपुढे कच्च्या नोंदवह्यांना गुण कमी मिळतात, अशीही तक्रार असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर कोणाही नागरिकाला ठरावीक मुदतीत हरकती व सूचना नोंदविता येतात. स्टुडिओत जमा झालेली मोजमापे व नोंदी मराठीत रहिवाशांच्या हाती दिल्यास त्यांना या टप्प्यावर तिचा वापर करता येतो.