जगाचे नैसर्गिक प्रदेश आणि कळंब्याचा तलाव

हवामान, माती, वनस्पती आणि प्राणी यांत साम्य असलेल्या पृथ्वीवरील विस्तीर्ण भूभागास ‘बायोम’ म्हणतात. शालेय भूगोलात त्याला जवळचा शब्द ‘नैसर्गिक प्रदेश’ हा आहे. विषुववृत्तीय वर्षावने, सॅव्हाना, वाळवंट, समशीतोष्ण गवताळ प्रदेश, पानझडी अरण्ये, तैगा आणि टुंड्रा हे त्याचे प्रमुख प्रकार होत. प्राथमिक शाळेतील मुलांपुढे ही नावे केवळ यादी म्हणून आली, तर ती परीक्षेपुरती पाठ होतात. म्हणूनच जगाची ओळख परिसरापासून करून देणे श्रेयस्कर ठरते.

कोल्हापूर शहरालगतचे कळंबा हे त्यासाठी आदर्श ठिकाण आहे. कात्यायनीच्या डोंगरांतून उतरणारे पाणी अडवून संस्थानकाळात येथे तलाव बांधण्यात आला व त्याचे पाणी शहराला मिळू लागले. काठावरचे गवत, पाणवनस्पती, मासे आणि बगळे यांच्या निरीक्षणातून ‘कोण कोणावर अवलंबून आहे’ हे पहिली-दुसरीच्या मुलांनाही समजते. आपल्याकडे हिवाळ्यात येणारा पिवळा धोबी उन्हाळ्यात उत्तर आशियात वीण करतो, हे सांगितले की नकाशावरचा सैबेरिया मुलांना परका वाटत नाही.

पुढची पायरी जिल्ह्याची. कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे 1000 मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला गगनबावड्यात तो 5000 मिलिमीटरच्या पुढे जातो, तर पूर्वेला शिरोळकडे बराच कमी होतो. त्यामुळे एका जिल्ह्यातच दाजीपूरचे घनदाट जंगल, पठारांवरील सडे आणि माळराने पाहावयास मिळतात. दाजीपूरचा समावेश असलेले राधानगरी अभयारण्य 2012 मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटातील स्थळांपैकी एक आहे.

तिसरी-चौथीत सरळ कडांच्या बरणीचे पर्जन्यमापक करून पावसाची नोंद ठेवता येते. पाचवीत तापमान आणि पाऊस यांचा तक्ता करून जगातील ठिकाणे त्यावर मांडावीत. या दोन घटकांवर वनस्पतींचे स्वरूप मुख्यतः ठरते, हे सूत्र त्यातून मुलांच्या हाती लागते. कोरफडीचे मांसल पान आणि वर्षावनातील टोकदार पान शेजारी ठेवले, तर पाणी साठवणे व पाणी निथळू देणे यांतील फरक वेगळा सांगावा लागत नाही.

काही गैरसमज याच वयात दूर व्हावयास हवेत. वाळवंट उष्णच असते असे नाही. लडाख आणि अंटार्क्टिका हीदेखील कोरडी, थंड वाळवंटेच आहेत. दुसरा समज अधिक घातक आहे. माळरान म्हणजे पडीक जमीन, असे मानून तेथे सरसकट वृक्षारोपण केले जाते. मात्र जुन्या मराठी साहित्यातील उल्लेखांचा आधार घेऊन 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पश्चिम महाराष्ट्रातील सॅव्हाना किमान 750 वर्षांची आहे. ती तोडलेल्या जंगलाची खूण नसून एक स्वतंत्र नैसर्गिक प्रदेश आहे. सरसकट झाडे लावल्यास तेथील उघड्या गवतावर जगणारे लांडगा, माळढोक यांसारखे जीव निराधार होतात.

झाड लावण्यापूर्वी ‘ही जमीन मुळात कशाची?’ असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला, तर नैसर्गिक प्रदेशांचा धडा त्याला खऱ्या अर्थाने कळला, असे म्हणता येईल.