‘अयस्’ : एका लहान शब्दाचा प्रवास

भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पितळ हे तांबे व जस्ताचे, तर कासे हे तांबे व कथलाचे संमिश्र. आपण तांबे, कासे, पितळ अशी तीन नावे वापरतो. प्राचीन रोममध्ये या तिन्हींना ‘आएस’ हा एकच शब्द चाले.

संस्कृतातील ‘अयस्’ हा त्याचाच भाऊबंद. गॉथिकमधील ‘आइझ’ आणि जुन्या इंग्रजीतील ‘आर’ हेही त्याच कुळातले. धातुकासाठी असलेल्या ‘ओर’ या इंग्रजी शब्दाच्या घडणीत ‘आर’चा वाटा आहे. गंमत म्हणजे हिंदीत धातुकाला ‘अयस्क’ म्हणतात. भंडारा जिल्ह्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे निघते ते मँगनीजचे अयस्कच.

रोमची जुनी नाणी काशाची होती. त्यामुळे ‘आएस’चा अर्थ पैसा असाही झाला आणि सरकारी खजिना ‘आएरारियम’ ठरला. हिशेबासाठी वापरायच्या धातूच्या चकत्यांना ‘एरा’ म्हणत. कालगणनेचा इंग्रजी ‘एरा’ त्यावरूनच आला, असे मानतात.

भारतात या शब्दाने वेगळी वाट धरली. अथर्ववेदात काळे आणि तांबडे असा भेद दिसतो. त्यातील काळे म्हणजे लोखंड. पुढे नुसते ‘अयस्’ म्हटले तरी लोखंडच समजले जाऊ लागले. ‘लोह’ शब्दाचेही तसेच झाले; मुळात तो तांबड्या धातूचा होता.

म्हणूनच ऋग्वेदात ‘अयस्’ आढळले, की त्या काळी लोखंड होते असा निष्कर्ष काढता येत नाही. शब्द तोच राहतो, वस्तू बदलते. लोखंडाचा काळ ठरवायचा तो जमिनीतल्या पुराव्यावरून. नागपूर जिल्ह्यात नायकुंड येथे उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, तो असा पुरावा. नुसते ध्वनिसाम्यही फसवे असते. लोखंडासाठीचा जर्मन ‘आयझेन’ हा ‘अयस्’सारखा ऐकू येतो, पण तो केल्टिक भाषेतून आलेला वेगळा शब्द मानला जातो.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. चुंबकाला संस्कृतात ‘अयस्कांत’ म्हणतात, म्हणजे अयस्‌ला प्रिय असलेला. तो पितळी गडव्याला लावा, मग खिळ्याला लावा. हे नाव पडले तेव्हा ‘अयस्’चा अर्थ कोणता होता, ते विद्यार्थी स्वतःच सांगतील.