दुखणे अंगावर काढणाऱ्या बाया

पुस्तक छापले की ज्ञान पोचले, असा आम्हां शहरवासीयांचा एक जुना समज आहे. स्त्रियांच्या प्रजनन-आरोग्याविषयीच्या शिक्षणाचा महाराष्ट्रातील इतिहास पाहू लागले म्हणजे हा समज तपासून घ्यावा लागतो. या इतिहासात धैर्य पुष्कळ आहे. परंतु जिच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या बाईपर्यंत तो कोणाच्या हातून पोचला, एवढाच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

आरंभ रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यापासून करू. हे गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. मेरी स्टोप्सबाईंचे लंडनमधील केंद्रही त्याच सालचे. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. या मतांपायी कर्व्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. पुढे जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला, दंड भरावा लागला. मासिक मात्र थांबले नाही.

कर्व्यांचे ऋण मोठे आहे. तरी मासिक वाचावयाचे तर अक्षर ओळखावे लागते, आणि १९५१ च्या जनगणनेत भारतातील स्त्रियांची साक्षरता नऊ टक्क्यांच्याही आत होती. छापील शब्द उंबरठ्यापर्यंत आला, तरी आत चुलीपाशी बसलेल्या बाईला तो वाचून कोण दाखविणार? पुरुषाने वाचून दाखवावा असा तो विषयही नव्हे.

ही अडचण ओलांडण्याची वाट जामखेडने दाखविली. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य नगर जिल्ह्यातील या दुष्काळी भागात आले. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहावयास राजी होईनात. तेव्हा गावाने निवडून दिलेल्या बायांनाच त्यांनी शिकवावयास घेतले. त्यांत कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. जामखेडला येऊन शिकावयाचे आणि गावी परतून सांगावयाचे: गरोदरपणी काय खावे, बाळंतपणात स्वच्छता कशी राखावी, दोन मुलांत अंतर का असावे. डॉक्टरांनी सांगितलेले शेजारणीच्या तोंडून ऐकले की ते परके वाटत नाही.

परंतु सांगणे हा शिक्षणाचा निम्माच भाग. विचारणे हा दुसरा. तो गडचिरोलीत पुरा झाला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही विकार होता. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात अवघ्या आठ. अंगावरून पांढरे जाणे, पाळीच्या तक्रारी, ओटीपोटातले दुखणे हे बाईच्या जातीला असायचेच, असे मानून बाया ते मुकाट्याने अंगावर काढीत होत्या. तोवर सरकारी योजनांचे लक्ष मुख्यतः बाळंतपणावर आणि कुटुंबनियोजनावर असे. बाई आई होते तेवढ्यापुरतीच ती दिसत असे. एरवीच्या तिच्या शरीराची विचारपूस कोणी करीत नसे. या आकड्यांनी जगभरच्या तज्ज्ञांना तिकडे पाहावयास लावले.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ कार्यकर्तीची योजना झाली. गावचीच बाई, गावच्या बायांसाठी, हे जामखेडचे सूत्र तीतही आहे.

मग आम्हां शहरवासीयांचे काय? आमच्या घरांत साक्षरतेची वाण नाही, दवाखाने हाकेच्या अंतरावर आहेत. तरीही पुष्कळ घरांत मुलीला पहिली पाळी येते तेव्हा तिच्या वाट्याला कुजबुज येते आणि ‘शिवू नको’ हा एक शब्द येतो. जामखेडच्या निरक्षर बाईने जे आपल्या आळीत उघडपणे सांगितले, ते आपल्या लेकीला सांगण्यास पदवीधर आईची जीभ का अडखळावी? कर्व्यांनी दंड भरला तो हीच अडखळण दूर व्हावी म्हणून. त्यातला आपला हप्ता अजून भरावयाचा राहिला आहे.