स्पर्शपटलावरील एकस्वांचा वाद

स्पर्शपटलावरील एकस्वांचा वाद : बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यासंबंधी (टचस्क्रीनसंबंधी) दिली गेलेली एकस्वे, म्हणजे पेटंटे, खऱ्याखुऱ्या नवशोधांसाठी होती, की त्या विषयातील कोणाही जाणकाराला सहज सुचल्या असत्या अशा किरकोळ सुधारणांसाठी होती, या प्रश्नावरून २०११ ते २०१८ या काळात अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ग्रेट ब्रिटन, जर्मनी, नेदर्लंड्स इ. देशांत चाललेला न्यायालयीन वाद. यांतील प्रमुख प्रकरणांत ॲपल ही अमेरिकन कंपनी एकस्वधारक होती. दक्षिण कोरियातील सॅमसंग, तैवानमधील एचटीसी व अमेरिकेतीलच मोटोरोला मोबिलिटी या कंपन्या तिच्या प्रतिपक्षी होत्या. एकाच शोधाविषयी निरनिराळ्या देशांतील न्यायालयांनी परस्परविरुद्ध निर्णय दिल्यामुळे हा वाद एकस्वाच्या कायद्याच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला आहे.

उघडपणाची कसोटी : एकस्व म्हणजे आपला शोध जाहीर करण्याच्या मोबदल्यात शोधकाला शासनाने ठराविक मुदतीपुरता दिलेला अनन्य अधिकार. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १४७४ साली केलेल्या कायद्यात नव्या व कल्पक साधनांना संरक्षण देण्याची तरतूद होती. इंग्लंडमध्ये १६२४ च्या मक्तेदारीविषयक कायद्याने राजाने वाटलेल्या मक्तेदाऱ्या रद्द केल्या. मात्र नव्या उत्पादनांच्या खऱ्या व पहिल्या शोधकाला त्यातून वगळले. कालांतराने केवळ नवेपणा पुरेसा नाही, हे ध्यानात आले. पूर्वी कोणी केली नव्हती एवढ्याच कारणाने प्रत्येक लहान सुधारणेवर मक्ता दिला, तर कारागिरांचे व उद्योजकांचे नित्याचे काम अडून राहील आणि एकस्वाचा मूळ हेतूच विफल होईल.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५१ मध्ये हॉचकिस विरुद्ध ग्रीनवुड या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. दाराची मूठ लाकूड वा धातूऐवजी माती किंवा चिनी माती यांची करणे, हे कुशल कारागिराचे काम आहे, शोधकाचे नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. पुढे १९५२ च्या कायद्यात हे तत्त्व लिखित स्वरूपात आले : शोधाच्या वेळी त्या विषयात साधारण कौशल्य असणाऱ्या व्यक्तीला जी गोष्ट उघड वाटली असती, तिला एकस्व मिळू नये. १९६६ च्या ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअर या खटल्यात उघडपणा तपासण्याची रीत न्यायालयाने घालून दिली. पूर्वज्ञानाची व्याप्ती, पूर्वज्ञान व नवा शोध यांतील फरक आणि जाणकाराच्या कौशल्याची पातळी या तीन बाबी प्रथम पाहावयाच्या. त्यांखेरीज व्यापारी यश, दीर्घकाळ जाणवलेली पण न भागलेली गरज आणि इतरांचे अपयश यांसारखी दुय्यम प्रमाणेही विचारात घ्यावयाची, अशी ही रीत आहे. २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या मोटारीच्या पायपट्टीसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी अधिक कडक केली. ज्ञात घटक ज्ञात रीतीने एकत्र आणून अपेक्षित तेवढाच परिणाम साधत असेल, तर तशी जोडणी करण्याची सूचना एखाद्या जुन्या लेखात शब्दशः आढळलीच पाहिजे असे नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. यूरोपीय देशांत १९७३ च्या यूरोपीय एकस्व करारातील ‘कल्पकतेचा टप्पा’ ही अट हेच कार्य करते.

पूर्वेतिहास : स्मार्टफोन बाजारात येण्यापूर्वी सु. चार दशके स्पर्शपटलाचे तंत्र विकसित होत होते. ब्रिटनमधील मॅल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंट या संस्थेतील ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये विमानवाहतूक नियंत्रणासाठी उपयुक्त अशा स्पर्शपटलाचे वर्णन प्रसिद्ध केले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो–४’ या संगणकीय शिक्षणयंत्रणेत १९७२ पासून अवरक्त किरणांच्या जाळीवर चालणारे पटल वापरात होते. बोटामुळे किरण अडला की स्पर्शाचे स्थान कळे. जिनीव्हाजवळील सर्न या अणुसंशोधन संस्थेत बेंट स्टुंपे व फ्रँक बेक यांनी १९७० नंतरच्या दशकात सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन या कणत्वरकाच्या नियंत्रणकक्षासाठी विद्युत् धारणेवर आधारित पारदर्शक पटल तयार केले. बोट जवळ येताच संवाहक तारांची विद्युत् धारणा बदलते व त्या बदलावरून स्पर्श ओळखला जातो, हे त्याचे तत्त्व आजच्या दूरध्वनीतही वापरले जाते.

एकाच वेळी अनेक बोटांचे स्पर्श ओळखणारी यंत्रणा टोराँटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी १९८२ मध्ये तयार केली. दोन बोटे एकमेकांपासून दूर नेऊन आकृती मोठी करण्याचा प्रयोग मायरन क्रूगर यांच्या ‘व्हिडिओप्लेस’ या कॅमेऱ्यावर आधारलेल्या यंत्रणेत १९८० नंतरच्या दशकातच झाला होता. आयबीएम कंपनीचा ‘सायमन’ हा स्पर्शपटल असलेला भ्रमणध्वनी १९९४ मध्ये विक्रीस आला. डेलावेअर विद्यापीठातील वेन वेस्टरमन व जॉन एलायस यांनी स्थापन केलेली फिंगरवर्क्स ही कंपनी ॲपलने २००५ मध्ये विकत घेतली, तर आयफोन ९ जानेवारी २००७ रोजी जाहीर झाला. यावरून स्पर्शपटल हे मूळ साधन कोणा एका कंपनीचा शोध नव्हते, हे स्पष्ट होते. पुढील वाद साधनाविषयी नव्हे, तर त्यावरील बोटाच्या विशिष्ट हालचाली व पटलाने त्यांना द्यावयाचा प्रतिसाद यांविषयी झाला.

सरकवून कुलूप उघडण्याचे एकस्व : खिशात असताना स्पर्शपटलाला नकळत स्पर्श होऊन दूरध्वनी चालू होऊ नये, म्हणून पटल कुलूपबंद ठेवावे लागते. पटलावरील एक चित्र बोटाने ठरलेल्या मार्गावरून सरकवले असता कुलूप उघडावे, अशा योजनेसाठी ॲपलने डिसेंबर २००५ मध्ये अर्ज केला. तथापि स्वीडनमधील निओनोड या कंपनीच्या ‘एन–१’ या दूरध्वनीत पटलावर बोट डावीकडून उजवीकडे ओढून कुलूप उघडण्याची सोय त्यापूर्वीच होती. तिच्यात बोटाबरोबर सरकणारे चित्र मात्र नव्हते. दुसऱ्या बाजूने, पटलावर चित्ररूपाने दाखविलेली सरकती कळ मेरिलंड विद्यापीठातील कॅथरीन प्लेझाँ यांच्या १९९२ च्या लेखात वर्णन केलेली होती. ती भिंतीवरील पटलातून घरातील उपकरणे चालविण्यासाठी होती. या दोन ज्ञात गोष्टी एकत्र आणणे जाणकाराला २००५ मध्ये सहज सुचले असते काय, एवढाच प्रश्न उरला.

हेग येथील न्यायालयाने २४ ऑगस्ट २०११ रोजी तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर निर्णय देताना निओनोडचा दूरध्वनी लक्षात घेता हे एकस्व टिकण्याची शक्यता कमी असल्याचे मत दिले. इंग्लंडमध्ये एचटीसीच्या खटल्यात न्यायमूर्ती फ्लॉइड यांनी ४ जुलै २०१२ रोजी ते उघडपणाच्या कारणावरून अवैध ठरविले व मे २०१३ मध्ये अपील न्यायालयाने या मुद्द्यावर तोच निर्णय कायम केला. जर्मनीच्या संघीय एकस्व न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये ते रद्द केले आणि २५ ऑगस्ट २०१५ रोजी तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. वापरणाऱ्याला कुलूप उघडत असल्याचे चित्ररूपाने दाखविणे, ही निओनोडच्या रचनेवरील सहज सुचणारी सुधारणा आहे, असा या निर्णयांचा रोख होता.

अमेरिकेत मात्र वेगळे घडले. ॲपलने सॅमसंगविरुद्ध २०१२ मध्ये दाखल केलेल्या दुसऱ्या खटल्यात ज्यूरीने मे २०१४ मध्ये सु. ११ कोटी ९६ लक्ष डॉलर भरपाई मंजूर केली, तिच्यातील सु. ३० लक्ष डॉलर या एकस्वासाठी होते. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी फेडरल सर्किट अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी यूरोपीय न्यायालयांप्रमाणेच हे एकस्व उघड, म्हणून अवैध ठरविले. परंतु ७ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने ८ विरुद्ध ३ मतांनी तो निर्णय फिरवून ज्यूरीचा निर्णय पुन्हा प्रस्थापित केला. पूर्वज्ञानाचा जाणकाराला काय बोध झाला असता, ही वस्तुस्थितीची बाब असून तिच्यावरील ज्यूरीचा निष्कर्ष पुराव्याने समर्थित असेल तर अपील न्यायालयाने तो मानला पाहिजे, अशी बहुमताची भूमिका होती. भिंतीवरील पटल व खिशातील दूरध्वनी यांच्या अडचणी भिन्न आहेत. शिवाय १९९२ च्या लेखात सरकत्या कळा वापरणाऱ्यांना कमी पसंत पडल्याचे नमूद आहे, याकडेही बहुमताने लक्ष वेधले. दुय्यम प्रमाणांनाही महत्त्व मिळाले : २००७ मध्ये ही सोय दाखविली गेली तेव्हा श्रोत्यांनी केलेला जयघोष व सॅमसंगच्या अंतर्गत कागदपत्रांतील या सोयीची प्रशंसा पुरावा म्हणून ग्राह्य धरली गेली. विरोधी मत देणाऱ्या प्रोस्ट, डाइक व रेना या न्यायाधीशांच्या मते बहुमताने केएसआर निर्णयाची कसोटी सैल केली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावणी नाकारल्याने पूर्णपीठाचा निर्णय अंतिम झाला. पूर्णपीठाच्या निर्णयापूर्वी काही आठवडेच, सप्टेंबर २०१६ मध्ये, ॲपलने स्वतःच्या दूरध्वनीतून ही सोय काढून टाकली होती.

इतर प्रकरणे : ॲपलने एप्रिल २०११ मध्ये सॅमसंगविरुद्ध दाखल केलेल्या पहिल्या खटल्यात ज्यूरीने २४ ऑगस्ट २०१२ रोजी १०४ कोटी ९० लक्ष डॉलरहून अधिक भरपाई ठरविली. त्यात दस्तऐवजाची कड आल्यावर चित्र किंचित पुढे जाऊन परत मागे येणे, तसेच एका बोटाने सरकविणे व दोन बोटांनी लहानमोठे करणे यांतील भेद ओळखणे, यांवरील एकस्वांचा समावेश होता. मित्सुबिशी इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेतील ‘डायमंडटच’ या मेजवजा पटलाचा पूर्वज्ञान म्हणून सॅमसंगने आधार घेतला. तो ज्यूरीने मान्य केला नाही. एकस्व कार्यालयाने मात्र दोन्ही एकस्वांची फेरतपासणी केली. पहिल्यातील वादग्रस्त दावा ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रथम नाकारून २०१३ मध्ये तो कायम केला, तर दुसऱ्याचे दावे जुलै २०१३ मध्ये नाकारले. अशा रीतीने ज्यूरी व तज्ञ परीक्षक यांची मते एकाच देशातही जुळली नाहीत.

पडद्याच्या बाह्य आकारावरील अभिकल्प–एकस्वांतही हाच प्रश्न आला. गोलसर कोपऱ्यांचा सपाट आयत हा आकार उघड आहे, असे दाखविण्यासाठी सॅमसंगने २००१ : अ स्पेस ओडिसी या १९६८ च्या चित्रपटातील उपकरणाचा व १९९४ च्या एका नमुन्याचा दाखला दिला. यांपैकी १९९४ च्या नमुन्याचे एकंदर दर्शन ॲपलच्या अभिकल्पाहून वेगळे असल्यामुळे तेवढ्यावरून तो अभिकल्प उघड ठरत नाही, असे फेडरल सर्किट न्यायालयाने मे २०१२ मध्ये म्हटले. सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६ चा निर्णय केवळ भरपाईच्या मोजणीविषयी होता. मे २०१८ मध्ये नव्या ज्यूरीने सु. ५३ कोटी ९० लक्ष डॉलर ठरविल्यावर जून २०१८ मध्ये उभयपक्षी तडजोड झाली.

भारतीय कायदा : भारतात हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात मांडले. भांडी घडविण्याच्या जुन्या लेथयंत्रात केलेला फेरफार ही केवळ कारखान्यातील सुधारणा आहे, असे ठरवून न्यायालयाने ते एकस्व रद्द केले. एकस्व अधिनियम १९७० मध्ये कल्पकतेच्या टप्प्याची व्याख्या २००२ च्या दुरुस्तीने आली व २००५ मध्ये ती बदलण्यात आली. तीनुसार शोधात पूर्वज्ञानाच्या तुलनेने तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही असावे लागतात आणि त्यामुळे तो जाणकाराला उघड नसावा लागतो. ज्ञात साधनांची केवळ फेरमांडणी व निव्वळ संगणक–आज्ञावली यांना कलम ३ अन्वये एकस्व मिळत नाही. त्यामुळे पटलावरील हालचालींविषयीच्या दाव्यांना येथे या अटींचीही छाननी पार करावी लागते.

मूल्यमापन : या वादातून दोन अडचणी प्रकर्षाने पुढे आल्या. पहिली पश्चात्‌बुद्धीची : कोट्यवधी लोकांच्या हाती रुळलेली हालचाल पाहिल्यावर ती पूर्वी कोणाला सुचली नसेल, यावर विश्वास बसणे कठीण जाते, दुय्यम प्रमाणे ही त्यावरील उपाययोजना होय. दुसरी अडचण याच्या उलट दिशेची : लोकप्रियता ही जाहिरात, कंपनीचा लौकिक किंवा उपकरणाचे इतर गुण यांमुळेही मिळते, म्हणून तिच्यावरून एका लहान घटकाची कल्पकता सिद्ध होतेच असे नाही. ब्रिटिश व जर्मन न्यायालयांनी निओनोडच्या दूरध्वनीपासून पुढच्या तांत्रिक पावलाचे मोजमाप केले. अमेरिकन पूर्णपीठाने ज्यूरीच्या निष्कर्षाला व बाजारातील पुराव्याला प्राधान्य दिले. पूर्वज्ञान बहुतांशी तेच असूनही निर्णय भिन्न झाले, याचे कारण या भूमिकांतील भेदात आहे. बोटाची एखादी साधी हालचाल एका देशात वीस वर्षांच्या मक्त्याचा विषय ठरावी व दुसऱ्या देशात ती सर्वांना मोकळी असावी, ही स्थिती त्यामुळेच निर्माण झाली.