जबलपूरचा उकार : अक्षरभेद आणि संगणकीय तुलना

जबलपूर १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांच्या, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले. मराठ्यांच्या मोडी लेखनात ह्रस्व-दीर्घ उकाराचा भेद सहसा पाळला जात नसे. देवनागरीत मात्र हिंदी ‘जबलपुर’ लिहिते, तर मराठीत ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घच, हा १९६२ च्या शासनमान्य नियमांतील दंडक. (इंग्रजांच्या जुन्या रोमन वर्तनीची कथा आणखी निराळी.)

शब्दांची तुलना करताना रोमन लिपीतील मोठे व लहान अक्षर एकच मानण्याची सोय संगणकात आहे. आस्की संकेतावलीत त्या दोहोंत नेमके ३२ चे अंतर असते. देवनागरीत असा भेदच नसल्यामुळे ही सोय येथे निरुपयोगी ठरते. युनिकोडमध्ये ह्रस्व आणि दीर्घ उकारांना स्वतंत्र संकेत असल्याने ‘जबलपुर’ व ‘जबलपूर’ ही दोन वेगळी नावे होतात, आणि वेगळी तजवीज नसलेल्या हिंदी सूचीत मराठी अभ्यासकाच्या हाती काहीच लागत नाही. पण उकार-इकारांचा सरसकट अभेद मानावा, तर ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतील. मोडी वाचणारा ही निवड संदर्भावरून करी. संगणकाला निदान ग्रामनामांपुरती पर्यायी रूपांची यादी पुरवावी लागते.