हॅवाना, बर्म्यूडा कीं मेक्सिको?

जो मनुष्य घरांत येऊन बसला आहे, त्याला त्याच घरांत राहण्याची परवानगी मिळविण्यासाठीं प्रथम घराबाहेर जावयास सांगावें, हा प्रकार ऐकणाऱ्यास विनोदाचा वाटेल. परंतु १९२४ पासून १९५२ पर्यंत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा कायदा हीच अट घालीत होता. हिटलरच्या राज्यांतून जीव घेऊन आलेले हजारों विद्वान्, कलावंत, वकील, वैद्य आणि साधे कारागीर या अटीमुळें पुनः एकदां सामान बांधून निघाले. कोणी बर्म्यूडा बेटावर गेले, कोणी हॅवानास, कोणी कॅनडांत, तर कोणी मेक्सिकोच्या सरहद्दीवरील धुळकट गांवांत. कोठें जावें हा त्यांच्यापुढें सहलीचा प्रश्न नव्हता. ठिकाणाची निवड चुकली, तर परतीची वाट बंद होण्याचा संभव होता.

या विचित्र स्थितीचें मूळ १९२४ च्या कायद्यांत आहे. त्या कायद्यानें परदेशांतून कायम वस्तीसाठीं येणाऱ्यांची संख्या बांधून टाकली आणि प्रत्येक देशाला वार्षिक हिस्सा ठरवून दिला. त्यालाच ‘कोटा’ म्हणत. १९२९ पासून या सर्व हिश्श्यांची बेरीज सुमारें १,५३,००० होती. त्यांत ब्रिटनला ६५,७२१ जागा, जर्मनीला २५,९५७, पोलंडला ६,५२४, तर हंगेरीला अवघ्या ८६९ जागा होत्या. हिस्सा मोजला जाई तो सामान्यतः जन्मभूमीवरून. मनुष्य सध्यां कोठें राहतो किंवा कोणत्या राज्याचा पासपोर्ट बाळगतो, याला त्या हिशेबांत किंमत नव्हती.

दुसरी गोष्ट अशी कीं, कायम वस्तीचा व्हिसा देण्याचा अधिकार परदेशांत बसलेल्या अमेरिकन कॉन्सललाच होता. न्यूयॉर्कमध्यें किंवा वॉशिंग्टनमध्यें तो मिळत नसे. जो पाहुणा म्हणून आला, त्याला पाहुण्याप्रमाणेंच वागावें लागे. नोकरी धरण्याची त्याला मुभा नव्हती आणि मुदत संपतांच परत जाणें भाग होतें. काम करून पोट भरावयाचें असेल, तर देशाबाहेर पडून एखाद्या कॉन्सलच्या कचेरीसमोर उभें राहावें, तेथें व्हिसा मिळवावा आणि नव्यानें आंत यावें, हाच एक राजमार्ग होता. व्हिशासाठीं अर्जाचा १ डॉलर व व्हिशाचे ९ डॉलर असे एकूण १० डॉलर पडत. खरा खर्च मात्र डॉलरांचा नसे, तो धैर्याचा असे.

कॉन्सलचे अधिकार विलक्षण होते. अर्जदार पुढें सरकारच्या अंगावर पडेल असें त्याला वाटलें, तर तो नकार देऊं शके. १९३० सालीं अध्यक्ष हूव्हर यांच्या सरकारनें मंदीचें कारण दाखवून ही कसोटी अधिक कडक करण्यास सांगितलें होतें. शिवाय कायद्यानें जन्माचा दाखला, पोलिसांचा दाखला व लष्करी नोकरीचा दाखला हे कागद मागितले होते. परंतु ते ‘उपलब्ध असल्यास’ द्यावे, अशी सवड त्यांत होती. बर्लिनहून रातोरात पळालेल्या मनुष्याला तेथील पोलिसांचा दाखला ‘उपलब्ध’ आहे कीं नाहीं, हें एका टेबलामागें बसलेल्या गृहस्थानें ठरवावयाचें होतें. म्हणून ठिकाण निवडतांना अंतर व भाडें यांच्याइतकाच, किंबहुना त्यांहून अधिक, विचार तेथील कॉन्सलच्या स्वभावाचा होई.

आतां एकेक वाट पाहूं जातां प्रथम बर्म्यूडा येतें. हें बेट ब्रिटिशांच्या ताब्यांतलें. न्यूयॉर्कहून आगबोटीनें सुमारें दोन दिवसांत तेथें जातां येई व तेथील हॅमिल्टन शहरांत अमेरिकन कॉन्सलची कचेरी होती. १९३३ च्या ऑक्टोबरांत प्रिन्स्टनला आलेले आल्बर्ट आइन्स्टाइन प्रथम पाहुण्याच्या व्हिशावर होते. कायम वस्तीचा अर्ज करण्यासाठीं १९३५ च्या मे महिन्यांत ते कुटुंबीयांसह बर्म्यूडास गेले आणि थोड्याच दिवसांत परतले. सापेक्षतेचा सिद्धान्त मांडणाऱ्या या पुरुषालाहि नियमानें सूट दिली नाहीं. समुद्र ओलांडून त्याला पुनः दारांतून आंत यावें लागलें. यानंतर आइन्स्टाइन यांनीं हयातभर अमेरिकेबाहेर पाऊल टाकलें नाहीं. १९४० च्या ऑक्टोबरांत ते त्या देशाचे नागरिक झाले.

बर्म्यूडाची वाट सुरक्षित होती, पण ती नांव असलेल्या व खिशांत पैसा असलेल्या माणसाची. सामान्यांना जवळची वाट मेक्सिकोची. कॅलिफोर्नियाच्या सरहद्दीला लागून तिहुआना आणि मेहिकाली हीं गांवें आहेत. तेथवर मोटारीनें जातां येई. १९३४ च्या आरंभीं बिली वाइल्डर हा तरुण चित्रपट-लेखक पाहुण्याच्या व्हिशावर हॉलिवुडला आला. तो जन्मानें जुन्या ऑस्ट्रियाच्या गॅलिशिया प्रांतांतला, ज्यू, आणि बर्लिनमधून घाईनें निसटलेला. मुदत संपल्यावर तो मेहिकालीस गेला. पुढें १९८८ सालीं अमेरिकन चित्रपट-अकादमीचें थालबर्ग पारितोषिक स्वीकारतांना त्यानें ही हकीकत सांगितली. त्याच्याजवळ पुरेसे कागद नव्हते. कॉन्सलनें ते थोडेसे कागद पाहिले, आणि तुझा धंदा काय म्हणून विचारलें. आपण चित्रपट लिहितों, असें वाइल्डरनें उत्तर दिलें. थोड्या वेळानें कॉन्सलनें पासपोर्टावर शिक्का उठविला आणि चांगले चित्रपट लिही, एवढेंच बजावलें. ज्यानें त्या दिवशीं नकार दिला असता तर कोणी दोष देऊं शकलें नसतें, अशा माणसाचा तो एक शिक्का होता. त्याच वाइल्डरनें चार्ल्स ब्रॅकेट यांच्यासह १९४१ च्या ‘होल्ड बॅक द डॉन’ या चित्रपटाची पटकथा लिहिली. मेक्सिकोच्या सरहद्दीवरील एका गांवांत व्हिशाची वाट पाहत खितपत पडलेले युरोपियन लोक, हाच त्या चित्रपटाचा विषय होय.

कॅनडाची वाट अधिक शिस्तीची होती. परंतु तिला एक कुलूप होतें. अमेरिकेनें व्हिसा नाकारला तर हा मनुष्य आपल्याच गळ्यांत पडेल, अशी कॅनडाला भीति. ही अडचण दूर करण्यासाठीं १९३५ च्या सुमारास पूर्वतपासणीची पद्धत रूढ झाली. अर्जदाराची तपासणी अमेरिकेंतच आधीं करावयाची. तो प्रवेशास पात्र ठरला म्हणजे तसें पत्र द्यावयाचें. मग कॅनडानें त्याला आंत घ्यावयाचें आणि तेथील अमेरिकन कॉन्सलनें व्हिसा द्यावयाचा. संगीतकार कुर्ट वाइल १९३५ सालीं न्यूयॉर्कला आला होता. तो १९३७ च्या ऑगस्टांत कॅनडांतून पुनः आंत येऊन रीतसर वस्तीकरी झाला. कादंबरीकार थॉमस मान यांनींहि १९३८ च्या मे महिन्यांत हाच मार्ग धरला. त्यांच्याजवळ त्या वेळीं चेकोस्लोव्हाकियाचा पासपोर्ट होता, परंतु जन्म ल्यूबेकचा. त्यामुळें हिटलरनें ज्यांचें नागरिकत्व काढून घेतलें, त्या लेखकाची गणना अमेरिकेच्या दप्तरांत जर्मन हिश्श्यांतच व्हावयाची. तसेंच संगीतकार स्ट्राव्हिन्स्की यांचें. १९३४ पासून ते फ्रान्सचे नागरिक. पण १९४० च्या उन्हाळ्यांत मेक्सिकोहून ते आंत आले ते रशियाच्या हिश्श्यांतून.

येथें एक भेद लक्षांत ठेवला पाहिजे. १९३५ सालीं जर्मन हिस्सा पुरता भरत नव्हता. म्हणून योग्य कॉन्सल गांठणें हाच मुख्य प्रश्न असे. १९३८ च्या मार्चांत ऑस्ट्रिया गिळंकृत झाला आणि नोव्हेंबरांत जर्मनीभर ज्यूंचीं प्रार्थनामंदिरें जाळण्यांत आलीं. त्यानंतर चित्र पालटलें. जर्मनी व ऑस्ट्रिया यांचा एकत्र हिस्सा २७,३७० चा, आणि १९३९ च्या मध्यास वाट पाहणारे ३ लाखांहून अधिक. त्या नोव्हेंबरांतच अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं पाहुणे म्हणून अमेरिकेंत असलेल्या सुमारें १२,००० ते १५,००० जर्मन व ऑस्ट्रियन लोकांच्या मुदती वाढवून दिल्या. त्यांना जर्मनीस परत धाडणें हा अन्याय होईल, ही गोष्ट त्यांनीं उघड मान्य केली. परंतु हिश्श्याचा आंकडा मात्र एकानेंहि वाढला नाहीं.

आंकडा वाढत नाहीं तेव्हां वाट पाहण्याची जागा शोधावी लागते. अशी जागा म्हणून क्यूबाचें नांव पुढें आलें. हॅवाना शहर फ्लोरिडाच्या की वेस्टपासून सुमारें ९० मैलांवर. क्यूबांत उतरावें, आपला क्रमांक येईपर्यंत तेथें दिवस काढावे आणि मग अमेरिकेंत जावें, हा बेत असंख्य कुटुंबांनीं केला. या बेताचा जो शेवट झाला, तो ‘सेंट लुइस’ या आगबोटीच्या नांवानें इतिहासांत नमूद आहे. १३ मे १९३९ रोजीं ती हॅम्बुर्गहून निघाली. तिच्यावर ९३७ उतारू होते व त्यांपैकीं बहुतेक ज्यू होते. सातशेंहून अधिक लोकांचे अमेरिकेच्या व्हिशासाठीं केलेले अर्ज दप्तरीं पडून होते. त्यांनीं हॅवानांत उतरण्याचे परवाने पैसे मोजून घेतले होते. पण बोट सुटण्याच्या आठवडाभर आधींच क्यूबाच्या सरकारनें हुकूम काढून ते परवाने निरुपयोगी ठरविले होते. बोट २७ मे रोजीं हॅवानास पोहोंचली. २८ उतारूंना उतरूं दिलें. त्यांतील २२ जणांजवळ अमेरिकेचा पक्का व्हिसा होता. बाकीच्यांना घेऊन बोट फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळून गेली. मायामीचे दिवे डेकवरून दिसत होते. अमेरिकेनें त्यांना घेतलें नाहीं आणि कॅनडानेंहि घेतलें नाहीं. अखेर ब्रिटन, फ्रान्स, बेल्जम व हॉलंड या चार देशांनीं ते उतारू वांटून घेतले. ब्रिटनच्या वांट्यास २८८ आले, ते जवळजवळ सर्व वांचले. जे युरोपच्या भूमीवर परत गेले, त्यांतील २५४ जण पुढें नाझींच्या संहारांत बळी पडले.

हॅवाना निवडणाऱ्यांचें गणित चुकीचें होतें असें म्हणतां येणार नाहीं. अंतर थोडें, हवा सुसह्य, परवाना हातांत. मनुष्यानें आणखी काय पाहावयाचें? त्यांच्याजवळ नव्हती ती एकच गोष्ट: व्हिसा मिळेपर्यंत जेथें थांबावयाचें, त्या देशाचें टिकाऊ वचन. मेहिकालींतील वाइल्डर आणि हॅवानाच्या बंदरांतील उतारू यांच्यांत योग्यतेचा फरक नव्हता. फरक होता तो दोन टेबलांमागच्या दोन माणसांचा, आणि पांच वर्षांचा.

हिंदुस्थानांत जन्मलेल्या मनुष्याला तर ही निवडहि उपलब्ध नव्हती. १९१७ च्या कायद्यानें हिंदुस्थान वर्ज्य प्रदेशांत घातलेला होता. १९२३ सालीं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें हिंदी मनुष्य नागरिकत्वास अपात्र ठरविला. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे अमेरिकेंतच शेतकीशास्त्र शिकले होते. परंतु त्यांचें शेतकीसंशोधन बहरलें तें सरहद्दीच्या अलीकडे, मेक्सिकोंत, चापिंगोच्या कृषिविद्यालयांत. ज्या मेक्सिकोंत युरोपियन निर्वासित दोन दिवसांसाठीं जात, तो मेक्सिको खानखोजे यांचें कर्मक्षेत्र बनला. १९४६ च्या जुलैमध्यें हिंदुस्थानला हिस्सा मिळाला, तो वर्षाला १०० माणसांचा.

१९५२ च्या कायद्यानें पात्र मनुष्यास देशांत राहूनच कायम वस्तीचा दर्जा मिळण्याची सोय झाली आणि निर्वासितांचा हा फेरा ओसरला. तथापि कामाच्या तात्पुरत्या व्हिशापुरती तीच तऱ्हा नव्या रूपांत उरली. २००४ च्या जुलैपासून असे व्हिसे देशांतल्या देशांत नवे करून देण्याची सोय बंद झाली. त्यानंतर पुण्यामुंबईहून गेलेले संगणक-अभियंते तारीख कोठें लवकर मिळते हें पाहून कॅनडास किंवा मेक्सिकोच्या सरहद्दीवरील शहरांत जाऊं लागले. २०२५ च्या सप्टेंबरांत अमेरिकन सरकारनें सांगितलें कीं, अर्जदारानें आपल्या नागरिकत्वाच्या अथवा वस्तीच्या देशांतच अर्ज करावा.

या अभियंत्यांचें संकट निर्वासितांच्या संकटाशीं तोलणें योग्य होणार नाहीं. त्यांच्या मागें घर उभें आहे. पण दोघांच्याहि प्रवासांतून एक गोष्ट सारखीच दिसते. कायदा आंकडे ठरवितो, अटी ठरवितो, कागदांची यादी ठरवितो. ‘उपलब्ध असल्यास’ या दोन शब्दांचा अर्थ मात्र अखेर एक मनुष्य दुसऱ्या मनुष्याकडे पाहून ठरवितो. मेहिकालीच्या त्या कॉन्सलनें कायदा मोडला नाहीं. कायद्यांत जेवढी जागा होती, तेवढी त्यानें वापरली.