अरब, आफ्रिकन की फॅरोंचे वारस? इजिप्शियन अस्मितेची गुंतागुंत

इजिप्तच्या शंभर पौंडांच्या नोटेवर एका बाजूला अरबी मजकूर आणि कैरोतील सुलतान हसन मशीद आहे. दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर आणि गिझाचा स्फिंक्स आहे. तेथील बहुतेक नोटांची रचना अशीच असते. एका अंगाला इस्लामी वास्तू असते, तर दुसऱ्या अंगाला प्राचीन संस्कृतीचा अवशेष. इजिप्तचा माणूस स्वतःकडे कसा पाहतो, या प्रश्नाची गुंतागुंत या कागदाच्या तुकड्यातही दिसते.

देशाच्या २०१४ च्या राज्यघटनेतील पहिल्याच कलमात या प्रश्नाचे अधिकृत उत्तर दिलेले आहे. त्यानुसार इजिप्त हा अरब राष्ट्राचा भाग आहे, इस्लामी जगताचा घटक आहे, आफ्रिका खंडाचा आहे आणि आपल्या आशियाई बाजूचा त्याला अभिमान आहे. दहा कोटींहून अधिक लोकसंख्येच्या या देशाने चार नाती एका दमात सांगितली आहेत. प्रत्यक्षात मात्र ही चारही नाती एकाच वजनाची नाहीत. त्यांतील कोणते नाते पुढे करायचे, यावर गेल्या शंभर वर्षांत तेथे सातत्याने वाद झालेला आहे.

नावांत दडलेला इतिहास

‘इजिप्त’ हे नाव त्या देशातील लोक स्वतः वापरत नाहीत. अरबीत देशाचे नाव ‘मिस्र’ असून बोलीत त्याचा उच्चार ‘मस्र’ असा होतो. कैरो शहरालाही सामान्य माणूस ‘मस्र’च म्हणतो. आपल्याकडे उर्दू-हिंदीच्या वाटेने आलेला ‘मिसर’ हा शब्द त्याचेच रूप आहे. ‘इजिप्त’ हे ग्रीक ‘आयगुप्तोस’वरून आलेले असून, त्याच्या मुळाशी मेम्फिस येथील प्ताह देवाच्या मंदिराचे प्राचीन नाव आहे. याच ग्रीक शब्दावरून अरबीत ‘किब्त’ आणि युरोपीय भाषांत ‘कॉप्ट’ हा शब्द रूढ झाला. म्हणजे आज केवळ तेथील ख्रिस्ती समाजासाठी वापरला जाणारा ‘कॉप्ट’ हा शब्द मुळात ‘इजिप्तचा रहिवासी’ एवढ्याच अर्थाचा होता. प्राचीन इजिप्शियन आपल्या भूमीला ‘केमेत’, म्हणजे काळी भूमी, म्हणत. अभ्यासक सर्वसाधारणपणे त्याचा संबंध नाईलच्या पुराने साचणाऱ्या काळ्या गाळाशी जोडतात.

भाषा बदलली, माणसे तीच

इसवी सन ६३९ ते ६४२ या काळात अम्र इब्न अल-आस याच्या नेतृत्वाखाली अरब सैन्याने इजिप्त जिंकले. आठव्या शतकाच्या आरंभी राज्यकारभाराची भाषा अरबी झाली. धर्मांतराची प्रक्रिया मात्र संथ होती; ती अनेक शतके चालली. कॉप्टिक ही प्राचीन इजिप्शियन भाषेची अखेरची अवस्था होय. ती ग्रीक लिपीत काही जुन्या चिन्हांची भर घालून लिहिली जाई. हळूहळू ती बोलण्यातून मागे पडली आणि आज प्रामुख्याने चर्चच्या उपासनेत उरली आहे.

अरब टोळ्या येऊन स्थायिक झाल्या, हे खरे. पण नाईलच्या खोऱ्यातील दाट शेतकरी वस्ती त्यांनी हटवली नाही. म्हणूनच आजची बहुसंख्य जनता, मुस्लिम असो वा ख्रिस्ती, प्रामुख्याने तेथील जुन्या रहिवाशांचीच वंशज आहे, असे इतिहासकार मानतात. ‘आम्ही अरब आहोत’ असे म्हणणाऱ्या इजिप्शियनाच्या मनात बहुधा भाषा, धर्म आणि राजकीय नाते असते. वंशाचा दावा असतोच असे नाही. त्याच्या बोलीतही जुन्या भाषेचे अंश आहेत. मगरीसाठीचा ‘तिम्साह’ हा शब्द कॉप्टिकमधून आलेला आहे.

फॅरोंकडे वळलेली पिढी

‘इजिप्त इजिप्शियनांचे’ ही घोषणा १८८१-८२ च्या उराबी पाशाच्या उठावात गाजली. त्या वेळी सैन्यात आणि दरबारात तुर्की-सर्केशियन उच्चभ्रूंचे वर्चस्व होते आणि युरोपीय सावकारांचा फास आवळत चालला होता. त्यामुळे ‘इजिप्शियन’ असणे हा प्रथम या भूमीच्या मुलांच्या हक्काचा प्रश्न बनला. १९१९ मध्ये साद झगलूल यांच्या अटकेनंतर ब्रिटिशांविरुद्ध उसळलेल्या क्रांतीत चंद्रकोर आणि क्रूस एकाच ध्वजावर आले. कॉप्टिक धर्मगुरूने अल-अझहर मशिदीतून भाषण केले, हा त्या काळातील प्रसंग आजही आठवला जातो.

फेब्रुवारी १९२२ मध्ये ब्रिटनने इजिप्तचे स्वातंत्र्य मर्यादित स्वरूपात मान्य केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तुतनखामुनची कबर सापडली. नव्या राष्ट्राला अभिमानाचे प्राचीन प्रतीक आयतेच मिळाले. शिल्पकार महमूद मुख्तार यांचे ‘इजिप्तचे पुनरुत्थान’ हे शिल्प १९२८ मध्ये उभे राहिले. त्यात उठू पाहणाऱ्या स्फिंक्सशेजारी एक शेतकरी स्त्री चेहऱ्यावरील पदर दूर सारते आहे. १९३८ मध्ये ताहा हुसेन यांनी इजिप्तच्या संस्कृतीच्या भवितव्यावर ग्रंथ लिहून आपले बौद्धिक नाते भूमध्य समुद्राच्या परिसराशी असल्याचे प्रतिपादन केले. याच काळात, १९२८ मध्ये, हसन अल-बन्ना यांनी इस्माइलिया येथे मुस्लिम ब्रदरहूडची स्थापना केली होती. राष्ट्राची ओळख प्रथम इस्लामी असावी, हा त्या संघटनेचा आग्रह होता. म्हणजे तिन्ही दिशा एकाच पिढीत समोर आल्या होत्या.

नासर आणि अरब राष्ट्रवाद

अरब लीगची स्थापना मार्च १९४५ मध्ये कैरोतच झाली. पण अरब अस्मितेला सर्वसामान्यांच्या मनात स्थान मिळाले ते गमाल अब्दुल नासर यांच्या काळात. त्यांनी इजिप्तभोवती अरब, आफ्रिकन आणि इस्लामी अशी तीन वर्तुळे कल्पिली आणि त्यांत पहिले स्थान अरब वर्तुळाला दिले. इजिप्त हा अरब राष्ट्राचा भाग असल्याचे १९५६ च्या राज्यघटनेत नमूद झाले. १९५८ मध्ये सीरियाशी विलीनीकरण होऊन संयुक्त अरब प्रजासत्ताक अस्तित्वात आले. तेव्हा देशाच्या नावातून ‘इजिप्त’ हा शब्दच नाहीसा झाला. १९६१ मध्ये सीरिया बाहेर पडला, तरी इजिप्तने ते नाव १९७१ पर्यंत चालवले. त्यानंतर आजचे ‘अरब प्रजासत्ताक इजिप्त’ हे नाव आले.

राजकारणाइतकाच वाटा कलेचाही होता. उम्म कुलसूम यांचे गायन आणि कैरोचे चित्रपट यांमुळे इजिप्तची बोली मोरोक्कोपासून इराकपर्यंत समजू लागली. मात्र १९६७ च्या पराभवाने अरब ऐक्याच्या स्वप्नाला तडा गेला. १९७९ मध्ये सादात यांनी इस्रायलशी करार करताच अरब लीगने इजिप्तचे सदस्यत्व स्थगित करून मुख्यालय ट्युनिसला हलवले. इजिप्त १९८९ मध्ये परत आले आणि पुढच्या वर्षी मुख्यालयही कैरोला परतले. या दहा वर्षांत ‘आम्ही आधी इजिप्शियन’ ही भावना पुन्हा बळावली.

आफ्रिकेत राहून ‘आफ्रिकेला’ जाणे

भूगोलाच्या दृष्टीने वाद नाही. सुवेझच्या पूर्वेकडील सिनाई द्वीपकल्प आशियात येते. उरलेला सारा देश आफ्रिकेत आहे. आफ्रिकन एकता संघटनेच्या १९६३ मधील संस्थापक देशांत इजिप्त होते. आफ्रिकेच्या फुटबॉल महासंघाचे मुख्यालय इजिप्तमध्येच आहे. १९५७ मधील पहिला आफ्रिका चषक इजिप्तने जिंकला आणि एकूण सात विजेतेपदांचा विक्रमही त्याच्याच नावावर आहे.

तरीही रोजच्या बोलण्यात ‘आफ्रिकन’ हा शब्द बहुतेकदा सहाराच्या दक्षिणेकडील लोकांसाठी वापरला जातो, जणू इजिप्त त्या खंडाबाहेर आहे. या वापरामागे भूगोलापेक्षा कातडीचा रंग आणि सामाजिक श्रेणी यांचा विचार अधिक असतो. त्याची झळ कैरोत राहणाऱ्या सुदानी आणि इतर निर्वासितांना बसते, तशीच सावळ्या वर्णाच्या खुद्द इजिप्शियनांनाही बसते. दुसरीकडे, देशाचे जीवनच आफ्रिकेतून वाहत येणाऱ्या पाण्यावर उभे आहे. सुदानशी झालेल्या १९५९ च्या करारात इजिप्तच्या वाट्याला नाईलचे वर्षाला ५५.५ अब्ज घनमीटर पाणी आले. इथिओपियाने २०११ मध्ये नील नाईलवर महाकाय धरण बांधायला घेतल्यापासून हे नाते टाळता येण्याजोगे राहिलेले नाही.

प्राचीन इजिप्शियन ‘कोणाचे’?

प्राचीन इजिप्शियनांच्या वर्णाचा वाद मुख्यतः देशाबाहेर पेटतो. सेनेगलचे विद्वान शेख अंता दिओप यांनी ती संस्कृती कृष्णवर्णीय आफ्रिकनांची असल्याचे मांडले. १९७४ मध्ये युनेस्कोने कैरोत भरवलेल्या परिसंवादात त्यावर चर्चा झाली, पण एकमत झाले नाही. गुलामगिरीने ज्यांचा इतिहास हिरावला, त्या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना या मांडणीने आत्मसन्मान दिला. इजिप्तमधील अनेकांना मात्र त्यातून वेगळाच अर्थ ऐकू येतो: ‘तुम्ही नंतर आलेले परके आहात.’

२०२३ मध्ये नेटफ्लिक्सवरील मालिकेत क्लिओपात्राची भूमिका कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केल्यावर उठलेला गदारोळ याच मनःस्थितीतून आला. राणी ग्रीक वंशाची आणि उजळ वर्णाची होती, असा खुलासा इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याने केला. टीकेत वारशाविषयीची खरी आस्था होती, तसा वर्णद्वेषाचा सूरही होता.

विज्ञानाचे उत्तर दोन्ही पक्षांना पुरते सोयीचे नाही. अबुसिर अल-मेलेक येथील ममींच्या जनुकांवरील २०१७ च्या अभ्यासात त्यांचे साधर्म्य पश्चिम आशियातील प्राचीन लोकांशी अधिक आढळले, तर आजच्या इजिप्शियनांत सहाराच्या दक्षिणेकडील अंश त्यांच्यापेक्षा जास्त दिसला. मात्र हे नमुने एकाच स्थळाचे असल्याने ते संपूर्ण देशाला लागू करता येत नाहीत. ‘गोरे’ आणि ‘काळे’ हे आधुनिक कप्पे नाईलच्या खोऱ्याला मुळातच अपुरे पडतात. अमेरिकेत गेलेल्या इजिप्शियनांची गणना तेथे ‘श्वेतवर्णीय’ या गटात होत असे. मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका असा स्वतंत्र गट तेथील सरकारने मान्य केला तो २०२४ मध्ये.

एका छताखालील अनेक घरे

कॉप्टिक ख्रिस्ती समाजाचे प्रमाण साधारण दहा टक्के असल्याचा अंदाज दिला जातो. त्यांच्यातील अनेक जण ‘अरब’ या शब्दाऐवजी ‘इजिप्शियन’ हाच शब्द पसंत करतात. राज्यघटनेनुसार इस्लाम हा राज्याचा धर्म आहे आणि ओळखपत्रावर धर्माची नोंद असते. त्यामुळे अस्मितेचा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ वैचारिक राहत नाही. सिवा मरूद्यानात अमाझिग भाषा बोलली जाते. सिनाईत बदावी आणि पूर्वेच्या वाळवंटात बेजा टोळ्या आहेत.

सर्वांत मोठी किंमत मोजली ती दक्षिणेकडील नुबियनांनी. आस्वानच्या उंच धरणासाठी १९६४ च्या सुमारास सुमारे ५० हजार नुबियनांना घरे सोडून कोम ओम्बोच्या परिसरात जावे लागले. त्याच पाण्यापासून वाचवण्यासाठी अबू सिंबेलचे मंदिर दगड कापून वर उचलण्यात आले आणि तेथेच, तळ्याच्या काठावर, पुन्हा उभारण्यात आले. मंदिर आपल्या जागेजवळ राहिले. माणसे राहू शकली नाहीत. २०१४ च्या राज्यघटनेने नुबियनांना दहा वर्षांत मूळ भागात परत आणण्याचे वचन दिले. मात्र त्याच वर्षीच्या एका अध्यक्षीय आदेशाने सुदान सीमेलगतचा मोठा पट्टा लष्करी क्षेत्र ठरला आणि जुन्या गावांच्या जागाही त्यात आल्या. सप्टेंबर २०१७ मध्ये आस्वानमध्ये डफ वाजवत, गाणी गात परतीची मागणी करणाऱ्यांना अटक झाली. दहा वर्षांची मुदत २०२४ मध्ये उलटून गेली आहे.

सोहळा आणि सण

एप्रिल २०२१ मध्ये २२ राजे-राण्यांच्या ममी तहरीर चौकातील संग्रहालयातून फुस्तातच्या नव्या संग्रहालयात मिरवणुकीने नेण्यात आल्या, तेव्हा प्राचीन भाषेतील स्तोत्र गायले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये गिझाचे भव्य संग्रहालय थाटात खुले झाले. शासनाला आज फॅरोंचा वारसा जवळचा वाटतो. त्यात पर्यटनाचे उत्पन्न आहे आणि धार्मिक राजकारणाला शह देण्याची सोयही आहे.

सामान्य माणसाला या वारशाची खूण वेगळ्या ठिकाणी सापडते. कॉप्टिक ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ‘शम्म अन-नसीम’ हा वसंतोत्सव येतो. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबे नाईलकाठी आणि बागांत जमतात. खारवून आंबवलेले मासे, हिरवा कांदा आणि रंगवलेली अंडी खातात. या सणाची मुळे प्राचीन काळापर्यंत नेली जातात, त्याची तिथी चर्चच्या पंचांगाने ठरते आणि नाव अरबीतून उच्चारले जाते. कॉप्ट लेखक मिलाद हन्ना यांनी १९८९ मध्ये इजिप्शियन व्यक्तिमत्त्वाचे सात स्तंभ सांगितले: फॅरोंचा, ग्रीक-रोमन, कॉप्टिक आणि इस्लामी हे चार काळाने दिलेले, तर अरब, भूमध्यसागरी आणि आफ्रिकन हे तीन स्थानाने दिलेले. प्रत्येक इजिप्शियनात हे सातही असतात, फक्त प्रमाण बदलते, असे त्यांचे म्हणणे होते. ते प्रमाण आपले आपण ठरवण्याची मुभा नुबियनाला, कॉप्टला आणि सिवाच्या रहिवाशालाही मिळते का, यावर त्या घटनेतील पहिल्या कलमाचा खरेपणा तपासला जाणार आहे.